टँगलवूड: मंडळाची बस न्यावी, की एका मित्राला घेऊन जावे?

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

येत्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावाजवळ टँगलवूडला भरणाऱ्या पाश्चात्त्य संगीतमहोत्सवाला मंडळातर्फे बस न्यावी, अशी सूचना कार्यकारिणीच्या बैठकीत पुढे आली आहे. बस ठरवायची झाल्यास आगाऊ रक्कम भरावी लागेल आणि तिकिटेही एकगठ्ठा काढावी लागतील. त्यापूर्वी, ज्या सभासदांनी तेथे पूर्ण दिवस घालवला आहे त्यांनी दिवस कसा आखावा, तिकीट कोणते काढावे आणि मुळात हा कार्यक्रम बसभर मंडळींना मानवेल का, याविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला,
सचिव


प्रेषक: व. (वूस्टर)
प्रति: सर्व सभासद

सचिव महोदय आणि मंडळी, नमस्कार.

बसच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो: बस नेऊ नये. टँगलवूडला एखाद्या मित्राला घेऊन जावे. तो गाणारा-वाजवणारा नसला तरी चालेल, पण ऐकणारा असलाच पाहिजे. हे मत तुसडेपणाचे वाटण्याचा संभव आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात माझा सांगलीचा कॉलेजमधला मित्र मुलीकडे आला होता. तो उत्तम पेटी वाजवतो, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरात न चुकता हजेरी लावतो, आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद त्याने तोपर्यंत समोर बसून कधी ऐकलेला नव्हता. त्याला एकच दिवस मोकळा होता, म्हणून आम्ही मुद्दाम शनिवार निवडला. शनिवारी सकाळी साडेदहाला, महोत्सवात वाजवणाऱ्या बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाची तालीम श्रोत्यांना तिकीट काढून ऐकता येते. ती रविवारी दुपारच्या कार्यक्रमाची असते. त्याच दिवशी रात्री आठला वेगळाच कार्यक्रम असतो. म्हणजे एका दिवसात संगीत घडताना पाहता येते आणि घडलेलेही ऐकता येते. बॉस्टनहून पश्चिमेकडे टर्नपाइक या महामार्गाने ली गावापर्यंत आणि तेथून लेनॉक्सला पोहोचायला सुमारे अडीच तास लागतात, त्यामुळे सकाळी सातच्या आत घर सोडलेले बरे.

ज्या मंडपात हे सगळे चालते त्याला ‘शेड’ म्हणतात, आणि ते नाव पडण्यामागे चांगलीच गोष्ट आहे. वाद्यवृंदाचे तेव्हाचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की 1936 मध्ये प्रथम बर्कशरच्या डोंगराळ भागात कार्यक्रम करायला आले, आणि 1937 पासून महोत्सव टँगलवूडच्या आवारात, तंबूत भरू लागला. त्या वर्षी 12 ऑगस्टला, सगळा कार्यक्रम वाग्नरच्या रचनांचा असताना, असे वादळ झाले की पावसाच्या आवाजापुढे वादन थांबवावे लागले आणि तंबू गळू लागला. महोत्सवाच्या आधारस्तंभ गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ यांनी त्याच संध्याकाळी व्यासपीठावर येऊन पक्क्या छपरासाठी निधीचे आवाहन केले. आराखडा करण्यासाठी एलिएल सारिनेन या नामवंत वास्तुविशारदाला बोलावले, पण त्याचा आराखडा एक लाख डॉलरच्या मर्यादेत बसेना. तेव्हा त्याने वैतागून कळवले की एवढ्या पैशांत नुसती शेड उभी राहील आणि ती कोणीही गवंडी-सुतार बांधू शकेल. विश्वस्तांनी ते शब्दशः मनावर घेतले. स्टॉकब्रिजच्याच जोसेफ फ्रान्झ या अभियंत्याने आराखडा सोपा केला आणि 1938 च्या ऑगस्टमध्ये शेड उभी राहिली. पाच हजारांवर माणसे तिच्यात बसतात, बाजूंना भिंती नाहीत, आणि पलीकडे हिरवळ पसरलेली आहे. (गणपतीच्या मांडवाचे अंदाजपत्रक केलेल्या कोणालाही या प्रकरणातला कोणताच टप्पा अपरिचित वाटणार नाही.)

तालमीला आम्ही शेडमध्येच जागा घेतली, कारण तालीम लांबून ऐकण्यात अर्थ नसतो. आरंभी ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या वादकाने एक सूर धरला आणि सगळा वृंद त्या सुराला मिळाला. मित्र खूश झाला. त्याला वाटले, षड्ज लागला, आता हा सूर सोबत राहील. बेथोव्हनची सातवी सिंफनी (चार भागांची वाद्यवृंदरचना) सुरू झाली आणि पाचेक मिनिटांत तो माझ्या कानाशी पुटपुटला, “अरे, यांचा सा फिरतोय.” फिरतोच. आधाराचा सूर बदलत जाणे हेच तेथले नाट्य असते, आणि ते ज्याने आयुष्यभर तंबोऱ्याच्या सोबतीने ऐकले आहे त्यालाच इतक्या लवकर खटकते. पहिला भाग संपेपर्यंत तो अस्वस्थच होता.

दुसऱ्या भागाने मात्र त्याला धरले. हा भाग सुषिर वाद्यांच्या एका स्वरसमूहाने उघडतो आणि मग व्हायोला, चेलो व डबल बास ही खालच्या अंगाची तंतुवाद्ये अगदी दबक्या आवाजात एकच ठेका घेऊन चालू लागतात: एक लांब, दोन आखूड, दोन लांब. सूर जवळजवळ हलत नाहीत, चालतो तो ठेका. मित्राचा हात मांडीवर आपोआप पडू लागला. तेवढ्यात संचालकाने काठी खाली केली, काही तरी अर्धे बोलून, अर्धे गाऊन सांगितले, आणि त्याच ओळी पुन्हा वाजवायला लावल्या, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला फरक एवढाच पडला की प्रत्येक जोडीतला शेवटचा लांब सूर आपटत नव्हता, टेकत होता. आम्हा दोघांनाही तो फरक एकदमच ऐकू आला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यानंतर व्हायोलिनांनी तीच चाल उचलली तेव्हा खाली चेलो-व्हायोलांची दुसरी, लांबलचक ओळ चालू आहे, हे मित्रानेच मला दाखवले. मी ती सिंफनी अनेकदा ऐकलेली असूनही त्या ओळीकडे इतके लक्ष कधी दिले नव्हते. सोबतीला कोण आहे याने काय फरक पडतो, तो असा.

ही सिंफनी 1813 च्या डिसेंबरात व्हिएन्नामध्ये जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात प्रथम वाजली, आणि हाच दुसरा भाग श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला होता. टँगलवूडमध्ये तिला आणखी एक संदर्भ आहे. पुढे नामवंत वाद्यवृंदसंचालक झालेले लिओनार्ड बर्नस्टाइन 1940 मध्ये, कुसेवित्स्कींनी येथे संगीतशाळा काढली त्या पहिल्याच वर्षी, विद्यार्थी म्हणून आले होते. आणि 19 ऑगस्ट 1990 रोजी याच शेडमध्ये त्यांनी आपला अखेरचा कार्यक्रम केला, त्यात शेवटची रचना हीच होती. तिसऱ्या भागात त्यांना खोकल्याची इतकी उबळ आली की काही वेळ काठी थांबली, पण वृंद वाजवत राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. आपल्या मुंबईचे वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहताही 1958 मध्ये याच शाळेत शिकायला होते, हे मित्राला सांगितल्यावर त्याने आवाराकडे जरा आपुलकीने पाहिले.

दुपार सुखात जाते. हिरवळीच्या कडेला मोठाली झाडे आहेत आणि खाली स्टॉकब्रिज बोल हे तळे दिसते. आम्ही सतरंजी पसरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे जेवलो. शेजारच्या वयस्कर जोडप्याने बुटक्या पायांच्या टेबलावर पांढरी चादर, काचेचे पेले आणि पितळी मेणबत्तीदान मांडले होते. त्यांच्याकडे पाहून मित्राने आपला स्टीलचा डबा उगाचच रुमालावर नीट लावून ठेवला. नंतर ओझावा हॉलकडे चक्कर मारावी. 1994 मध्ये बांधलेली ही लाकूड-विटांची वास्तू याच वाद्यवृंदाचे दीर्घकाळ संचालक राहिलेल्या सेइजी ओझावा यांच्या नावाची आहे. तिची मागची बाजू उघडली की आतले संगीत थेट हिरवळीवर येते. साधारण बाराशे माणसांच्या त्या दालनात चार-पाच वाद्यांचे कार्यक्रम होतात, आणि ख्यालगायनाची सवय असलेल्या कानांना ते भव्य वृंदापेक्षा लवकर जवळचे वाटतात, असे माझे मत आहे.

रात्रीचा कार्यक्रम आम्ही हिरवळीवरून ऐकला. ब्राम्सचा व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वृंद यांची रचना) होता. पहिल्या भागाच्या अखेरीस वृंद थांबतो आणि व्हायोलिन एकटेच वाजते. ते संपता संपता मित्राच्या तोंडून मोठ्याने “क्या बात है” निघून गेले. शेडमध्ये हे खपले नसते. तेथे भागांच्या मधे टाळीही वाजवत नाहीत. हिरवळीवर मात्र मेणबत्तीदानवाल्या बाईंनी वळून हसून मान डोलावली. 1986 मध्ये याच व्यासपीठावर चौदा वर्षांच्या मिदोरीची तार वाजवताना दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा तिने शेजारच्या वादकाचे व्हायोलिन घेऊन वादन पुरे केले, ती हकिगत मी त्याला परतीच्या वाटेवर सांगितली. आपल्याकडे तार तुटली तर मैफल थांबते, चहा होतो, असे म्हणून तो लीपासून वूस्टरपर्यंत तुटलेल्या तारांच्याच गोष्टी सांगत राहिला.

आता सांगा, हे पन्नास जणांच्या बसमधून कसे व्हावे? कोणाचे पाणी संपणार, कोणी मध्यंतरात हरवणार, आणि परतीची वेळ झाली म्हणून शेवटचा भाग सोडून सगळ्यांना उठावे लागणार.

आपला,
व.


प्रेषक: मी. (नेटिक)
प्रति: सर्व सभासद

आदरणीय काका, सादर नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले आणि सातवी सिंफनीही लावून ऐकली. तरीही एका बाबतीत मतभेद नोंदवते. आपण ज्या श्रवणाविषयी लिहिता ते निवांत माणसांचे श्रवण आहे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना ‘एक मित्र आणि शांतता’ ही चैन परवडत नाही. टँगलवूडने ही गोष्ट आपल्यापेक्षा आधी ओळखलेली आहे. मुलांना हिरवळीचे तिकीट मोफत मिळते; उलट कार्यक्रम चालू असताना शेडमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना नेता येत नाही. म्हणजे हिरवळ ही स्वस्तातली दुय्यम जागा नसून, लवंडत, खात, झोपत ऐकण्याची स्वतंत्र सोय आहे. आमची धाकटी तेथे अर्धा कार्यक्रम झोपते, पण आता घरी चेलो कानावर पडला की तिला तो ओळखता येतो.

माझीही एक मैत्रीण असते. आम्ही दोघी आळीपाळीने मुले सांभाळतो: मध्यंतरापूर्वी ती शेडच्या कडेला उभी राहून ऐकते, नंतर मी. हेही मित्राबरोबर जाणेच झाले.

व्यवहाराचे चार शब्द. सतरंजीखाली ताडपत्री हवीच, कारण सूर्य मावळला की दव पडते आणि दिवसा कितीही उकडले तरी बर्कशरमध्ये रात्री शाल लागते. गवतात टिक (गोचिडी) असतात. घरी आल्यावर मुलांचे पाय, काखा आणि केसांची मुळे नीट तपासावीत. चूल, शेगडी पेटवता येत नाही, त्यामुळे ‘तिथेच गरम पावभाजी करू’ असे कोणी म्हणू नये. पार्किंगला पैसे पडत नाहीत, पण कार्यक्रम संपल्यावर गाड्या बाहेर पडायला बराच वेळ लागतो. घाई न करता सतरंजीवर थांबून उरलेला चहा पिणे शहाणपणाचे.

आपली,
मी.


प्रेषक: व. (वूस्टर)
प्रति: सर्व सभासद

चि. मी. यांस आशीर्वाद.

आळीपाळीची योजना मला मान्य आहे आणि ती माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही, कारण तुम्ही दोघीच आहात. मुलांना तालमीलाही अवश्य न्यावे. वाद्यवृंद चुकतो, थांबतो, हसतो आणि पुन्हा वाजवतो, हे मुलांनी पाहिले तर घरी सरावाला बसवताना आईबापांचा घसा थोडा वाचेल.

एक सूचना राहिली. हंगामाचा शेवट बहुधा ऑगस्टअखेरच्या रविवारी बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीने होतो. त्या दिवशी गर्दी फार असते आणि सगळेच ती सुरावट आधीपासून गुणगुणत येतात. प्रथम जाणाऱ्याने तो दिवस टाळावा. जुलैतला एखादा साधा शनिवार निवडावा.

आपला,
व.


प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

सर्वांचे आभार.

आलेली पत्रे पाहता मंडळातर्फे बस ठरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवत आहोत. त्याऐवजी, ज्यांच्या गाडीत जागा आहे आणि ज्यांना सोबत हवी आहे, अशा सभासदांची यादी कार्यकारिणी करील. नाव कळवताना शनिवारची तालीम, रात्रीचा कार्यक्रम की दोन्ही, तसेच शेड की हिरवळ, हे स्पष्ट लिहावे. लहान मुले बरोबर असल्यास त्यांची वयेही कळवावीत. तिकिटे ज्याची त्याने काढावीत आणि काढण्यापूर्वी यंदाचे नियम महोत्सवाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

वूस्टरच्या काकांच्या गाडीत एकच जागा आहे, असे त्यांनी दूरध्वनीवर कळवले असून, तीसाठी आतापर्यंत तिघांनी अर्ज केला आहे.

आपला,
सचिव