मदत हवी आहे: कूलर-नळांवरचा पांढरा थर काढायची पावडर ठोक व्यापाऱ्यापुढे कशी मांडू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याने पुढच्या आठवड्यात "माल घेऊन या, दहा मिनिटं बोलू" असं सांगितलंय. किराणा आणि साफसफाईचं सामान दोन्ही ठेवतात, काटोल-उमरेडपर्यंत त्यांचा माल जातो. धंद्याचं बोलणं असं समोर बसून कधी केलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

आधी वस्तू सांगते. आम्ही बेसा भागात राहतो, बोरचं पाणी. ज्यांच्याकडे बोर आहे त्यांना वेगळं सांगायला नको. नळाच्या तोटीला खपली, बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे ओघळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कूलर. मे महिन्यात तो रात्रंदिवस चालतो, पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. पावसाळ्याच्या तोंडावर टाकी रिकामी करावी तर तळाला चुन्याचा थर, पंपाच्या जाळीत खडे, आणि हनीकोम्ब पॅड पापडासारखं कडक. यावर बहुतेक घरी एकच उपाय, संडासाचं अॅसिड ओतायचं. वासाने डोळ्यांत पाणी येतं ते वेगळंच, पण त्यात कुणी ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं.

माझी पावडर म्हणजे जवळजवळ सगळं लिंबूसत्त्व, सायट्रिक अॅसिड. १०० ग्रॅमची पुडी दोन लिटर कोमट पाण्यात घालायची, कूलरचा पंखा बंद ठेवून नुसता पंप फिरवायचा. थराला बारीक बुडबुडे येऊन तो सुटायला लागतो. नळासाठी तर अजून सोपं. शेजारच्या काकूंनी तेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोटीला रबराने बांधलं, स्वयंपाक उरकून पिशवी सोडली, तर तोटीच्या तोंडची जाळी, जी पान्याने हलत नव्हती, ती हाताने फिरली आणि आतून वाटाण्याएवढा खडा पडला. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत माझ्या जाहिरातीचं काम काकूच करतात.

अडचण अशी की वस्तू इतकी साधी आहे, की सांगायला बसलं की एका वाक्यात संपते. आमचे हे तर म्हणाले, "लिंबूसत्त्वाचं पोतं त्याच्याच दुकानात असेल, तू त्यालाच पुडी विकायला चाललीस?" बोलणं झोंबलं, पण खोटं नाही. इतवारीत ते २५ किलोच्या पोत्यात मिळतं. मग मी नेमकं विकतेय काय?

माझा अंदाज सांगते. इमारतीतल्या बायकांनी यात काय आहे हे जवळपास विचारलंच नाही. किती टाकायचं, हात जळतील का, फरशीवर सांडलं तर काय, एवढेच प्रश्न. म्हणजे लोकांना मोजलेली पुडी आणि तिच्यावरची चित्रं हवीत, रसायन नको. पण हे व्यापाऱ्याला कसं पटवू? त्याच्या डोळ्यांसमोर पोतं आहे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. ही पावडर सगळीकडे चालत नाही. कोटा, कडप्पा, शहाबादी, संगमरवर या सगळ्यांत चुनाच असतो, आम्ल पडलं की चकाकी जाते. आणि जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याच्या कूलरमध्ये जस्ताचा थर खाल्ला जातो, पुढच्या वर्षी टाकी गंजणार. नागपुरात अजून कितीतरी घरी पत्र्याचाच कूलर आहे! म्हणजे माझं अर्धं गिऱ्हाईक मीच "तुमच्यासाठी नाही" म्हणून परत पाठवायचं. पुडीवर मी हे ठळक छापलंय. पण दहा मिनिटांच्या बोलण्यात ते आपणहून काढावं का?

बाकी तयारी: उद्यम नोंदणी झाली (फुकट आहे, कुणाला पैसे देऊ नका). लेबलवर नाव-पत्ता, वजन, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन, सगळं आहे. सगळा खर्च धरून पुडी १६ रुपयांत पडते, एमआरपी ४० ठेवलीय. भाऊ म्हणतो आधी पेटंट घे, नाहीतर व्यापारी कल्पना उचलेल. घ्यावं का? आणि दुकानात प्रात्यक्षिक करून दाखवणं बरं दिसेल की पोरखेळ वाटेल?

प्रतिसाद: गांधीबागचा_गल्लेवाला

ताई, आमचं ठोकचं दुकान आहे म्हणून सरळ लिहितो. तुमचा व्यापारी लिंबूसत्त्वाबद्दल एक शब्द विचारणार नाही. तो विचारेल, मला कितीला, दुकानदाराला कितीला, उधारी किती दिवसांची, आणि नाही खपला तर परत घेता का. या चारांचं उत्तर तोंडपाठ हवं. दुकानदाराला निदान आठ-दहा रुपये सुटले नाहीत तर तो पुडी समोर लावणारच नाही, खालच्या फळीत टाकेल. त्यातून ठोकवाल्याचं काढा आणि उरतं ते बघा. उधारी द्यावीच लागेल, तेव्हा पहिली खेप लहान ठेवा. परतीची हमी द्या, नव्या मालाला तेवढीच पत असते.

आणि राजेहो, वेळ! कूलरचा माल आम्ही होळीच्या आधी भरतो. एप्रिलमध्ये कुणी नवीन वस्तू घेऊन आलं तर "पुढच्या वर्षी या" म्हणतो. तुम्ही जानेवारीत जाताय ते बरोबर आहे, हे त्याला बोलूनही दाखवा.

पोत्याची काळजी सोडा. पोतं फोडून शंभर-शंभर ग्रॅम कोण भरत बसणार? त्याला ते परवडत नाही, म्हणूनच तो पोतं विकतो.

प्रतिसाद: बुटीबोरीकर

रसायनाच्या कारखान्यात नोकरी करतो, त्या बाजूने दोन गोष्टी.

गणिताने १०० ग्रॅम निर्जल सायट्रिक अॅसिड साधारण ७८ ग्रॅम चुन्याचा थर फोडतं. पण त्यातून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही, आणि पाणी गरम असेल तर आणखीच कमी. लोक "गरम पाण्यात जास्त चांगलं निघेल" म्हणून उकळतं पाणी घेतील आणि तळाला पांढरा गाळ बसला की तुम्हाला फोन करतील. "कोमट, उकळतं नाही" आणि "नंतर साध्या पाण्याने धुवा" हे चित्रासकट छापा. थर काढायला वापरतात त्या दुसऱ्या, सल्फॅमिक अॅसिडने असा गाळ होत नाही, पण ते त्वचेला जास्त त्रास देतं. घरगुती वापराला तुमचं आहे तेच ठेवा.

दुसरं, पावसाळा. ही पावडर दमट हवेत ओल धरते आणि गठ्ठा होते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतला माल ऑगस्टमध्ये दगड होऊन परत येईल, आणि गल्लेवाले भाऊ तर परतीची हमी द्यायला सांगतायत! फॉइलचा थर असलेला पाऊच घ्या, खर्च थोडा वाढेल.

पेटंटचा नाद सोडा. नुसतं मिश्रण, ज्यात घटकांचे आपापले गुण एकत्र येण्यापलीकडे काही घडत नाही, त्याला पेटंट कायद्याच्या कलम ३(ई) नुसार पेटंट मिळत नाही, आणि तुमचा तर जवळजवळ एकच घटक आहे. त्यापेक्षा नावाचा ट्रेडमार्क करा, वर्ग ३ (साफसफाईच्या वस्तूंचा), एकट्या व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपये. आणि लेबल झालं म्हणजे वजनमापाचं काम संपलं असं नाही. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून वैधमापन (वजनमापांच्या) खात्याकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो.

प्रतिसाद: मानेवाड्याची_मावशी

पत्र्याच्या कूलरचं लपवू नको बाई. आमच्याकडे पत्र्याचाच आहे, टाकी गळाली असती तर सगळ्या मोहल्ल्यात तुझंच नाव घेतलं असतं. आणि किराणावाल्याच्या मागे काहून लागलीस? होळीच्या आधी कूलर काढायला, मोटर बघायला मिस्त्री येतो ना, तो सांगेल तीच वस्तू आम्ही आणतो. त्याला बरोबर कळतं कुठला प्लास्टिकचा, कुठला पत्र्याचा.

धागाकर्ती

मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं! आमच्या भागातल्या दोन कूलरवाल्या मिस्त्रींशी आजच बोलले. एकाने लगेच विचारलं, "पुडीमागे मला किती?" म्हणजे गल्लेवाले भाऊंचाच प्रश्न, फक्त उभ्या-उभ्या. दुसरा म्हणाला, पत्र्याच्या कूलरला तो खरवडूनच थर काढतो, ही पुडी फक्त प्लास्टिकच्या गिऱ्हाइकाला देईल.

फॉइलचा पाऊच धरून खर्च १९ वर गेला. दुकानदाराला ३० ला, ठोकवाल्याला २७ ला द्यायचं ठरवतेय. मला आठ उरतात, वाहतूक त्यातूनच. पत्र्याचं मी आपणहून सांगणार, ते ठरलं.

आता बोलायचं असं लिहिलंय, कुणी कात्री लावेल का?

"भाऊ, बोरच्या पाण्याने प्लास्टिकच्या कूलरमध्ये आणि नळांवर बसणारा थर अॅसिडशिवाय काढणारी ही पर्यावरणपूरक पुडी. पत्र्याच्या कूलरला आणि कोट्याच्या फरशीला चालत नाही, पुडीवर तसं छापलंय. तुम्हाला २७, दुकानाला ३०, एमआरपी ४०. पहिली खेप लहान देते, पैसे तीस दिवसांनी, जूनअखेर उरेल ते परत घेते. बेसा-मानेवाड्याचे मिस्त्री गिऱ्हाइकांना हीच पुडी सांगणार आहेत, ती मागायला लोक दुकानात येतील."

सोबत खपली बसलेली एक जुनी तोटी आणि काचेचा ग्लास नेतेय. बोलणं सुरू होताच तोटी ग्लासात सोडायची, शेवटी काढून दाखवायची.

प्रतिसाद: गांधीबागचा_गल्लेवाला

"पर्यावरणपूरक" काढा, त्याला त्याचं देणंघेणं नाही. "अॅसिडशिवाय" पण काढा, सायट्रिक अॅसिडच आहे, तो पोतं विकतो, लगेच पकडेल. "संडासाच्या अॅसिडशिवाय" म्हणा. दहा मिनिटांत तोटी पूर्ण साफ होणार नाही, तेव्हा आधीच घरी अर्धी बुडवून अर्धी साफ केलेली दुसरी तोटी खिशात ठेवा. आणि दुपारी दोन ते चारमध्ये जा, सकाळी गल्ल्यावर गर्दी असते, तुमच्याकडे बघणार पण नाही.