मदत हवी आहे: पाऊस पडला की आमचं सोलर उठतच नाही, कनेक्टर बदलू की वायर?

ऐरोलीची सून:
नमस्कार मंडळी, मी आयटीवाली, वायरिंगमधलं मला फ्यूज उडाला एवढंच कळतं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

ऐरोलीत आमचं सिडकोचं रो हाऊस आहे, गच्चीवर पत्र्याची शेड आणि त्या शेडवर मागच्या डिसेंबरात सोलर बसवलं. ५४० वॅटची ६ पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, सहाही एका सिरीजमध्ये, इन्व्हर्टर खाली जिन्यात. महावितरणचा नेट मीटर लागला, ७८ हजारांची सबसिडी पण आली, मेपर्यंत सासरे रोज संध्याकाळी अ‍ॅप उघडून "आज १३ युनिट" असं शेजारच्या काकांना ऐकवत होते.

जूनमध्ये पाऊस लागला आणि नाटक सुरू. सकाळी इन्व्हर्टरवर लाल लाइट आणि अ‍ॅपमध्ये "आयसोलेशन फॉल्ट". ऊन पडलं की साडेदहा-अकराला आपोआप चालू होतं, दिवसभर पाऊस असला तर दिवसभर बंद. ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला तर म्हणे मॅडम पावसाळ्यात होतं असं, ऑक्टोबरमध्ये नीट होईल. अहो सर्दी आहे का ती?

परवा उघडीप होती तेव्हा सासरे (वय ७१, कुणाचं ऐकत नाहीत, पायात स्लिपर) शिडी लावून वर गेले, मी खाली शिडी धरून देवाचा धावा करत होते. फोटो आणलेत पण इथे चढत नाहीयेत म्हणून लिहून सांगते. पॅनलच्या स्वतःच्या कनेक्टरवर एका कंपनीचं नाव आहे आणि पॅनलपासून खाली आलेल्या केबलच्या टोकाला जे कनेक्टर लावलेत त्यांच्यावर कुणाचंच नाव नाही. आणि दोन कनेक्टर चक्क पत्र्याच्या पन्हळीत पडलेत, पाणी वाहतं तिथेच.

दुसऱ्या एका इलेक्ट्रिशियनने येऊन सांगितलं की ४ एमएमची केबल बारीक पडते, ६ एमएम टाका आणि सगळे कनेक्टर कापून नवीन लावा, ९ हजार होतील. करू का? पॅनलचे कनेक्टर कापले तर वॉरंटीचं काय? नवरा शिपवर आहे, नोव्हेंबरला येईल, तोपर्यंत माझ्याच डोक्याला ताप.

जुगाडू घणसोली:
ताई हे सोलरचे एमसी४ कनेक्टर सगळे सेमच असतात हो, खटकन बसलं म्हणजे झालं. टेप मारा वरून चांगली आणि मजा करा.

डीसी काका:
जुगाडू, राग मानू नका पण याच सल्ल्याने लोकांचे कनेक्टर वितळतात. एमसी४ हा एका कंपनीचा प्रॉडक्ट, त्यातला ४ म्हणजे आतल्या पिनेची ४ मिमी जाडी. बाकीच्यांनी त्याच आकाराचे काढले आणि "एमसी४ कंपॅटिबल" लिहिलं, पण कुणाची पिन किती घट्ट बसते, वर मुलामा कसला, रबराची रिंग कुठे दाबते हे प्रत्येकाचं वेगळं. आयईसी ६२५४८ या सोलरच्या आंतरराष्ट्रीय मानकात स्पष्ट आहे की एकमेकांत घालायचे दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे हवेत. हिशोबच बघा ना, ताईंच्या पॅनलला साधारण १३ अँपिअर जातात, जोड चांगला असेल तर रेझिस्टन्स अर्ध्या मिलिओहमच्या आत, उष्णता नावाला पण नाही. तोच जोड गंजून ५० मिलिओहमवर गेला तर त्या बोटभर प्लॅस्टिकमध्ये आठ साडेआठ वॅट जळत बसतात, रोज, दुपारभर.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. पहिलं म्हणजे "पावसात होतंच" हे खोटं आहे, माझं स्वतःचं ऐरोलीच्याच खाडीच्या बाजूला आहे आणि भर जुलैत सकाळी सातच्या आत चालू होतं. इन्व्हर्टर रोज सकाळी ग्रिडला जोडायच्या आधी तपासतो की डीसीच्या वायरी आणि अर्थ यांच्यात गळती आहे का. कुठेतरी तांबं उघडं आहे, तिथे पाणी लागलं की करंट स्ट्रक्चरमधून अर्थला जातो, इन्व्हर्टर म्हणतो मी नाही येत जा. सुकलं की गळती कमी आणि तो चालू. म्हणजे इन्व्हर्टर आपलं काम नीट करतोय, त्याला शिव्या देऊ नका.

९ हजार अजिबात देऊ नका. केबलची लांबी किती आहे जाऊन येऊन?

ऐरोलीची सून:
सासऱ्यांनी पावलांनी मोजली, एका बाजूने २५ मीटर म्हणताहेत. (त्यांची पावलं मोठी आहेत.)

डीसी काका:
मग ५० मीटर धरू. ४ एमएमला (म्हणजे ४ चौरस मिमी तांबं) मीटरला साधारण ५ मिलिओहम, म्हणजे पाव ओहम, १३ अँपिअरला सव्वातीन व्होल्ट पडतील. तुमची स्ट्रिंग, म्हणजे सिरीजमधली सहा पॅनल, चालताना अडीचशे व्होल्टची, म्हणजे सव्वा टक्का. ६ एमएमने तो एक टक्क्याच्या खाली येईल, बस्स. त्याचा आणि आयसोलेशनचा काडीचा संबंध नाही.

आधी फॉल्ट शोधा, मग कापाकापी. एखादा धड इलेक्ट्रिशियन बोलवा, ज्याच्याकडे १००० व्होल्ट डीसीचं चांगलं मीटर आहे, ते दीडशे रुपयेवालं पिवळं नको. सकाळी लाल लाइट असतानाच बोलवा, सुकल्यावर काही हाती लागणार नाही. इन्व्हर्टरचा एसी एमसीबी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलच्या बाजूचा स्विच) बंद, मग पॅनलकडून येणाऱ्या बाजूला तीन रीडिंग: प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ, मायनस ते अर्थ. स्ट्रिंग चांगली असेल तर अर्थची दोन्ही रीडिंग भटकत भटकत शून्याकडे जातात. स्थिर राहिली तर फॉल्ट आहे आणि कुठे आहे ते आकड्यातच कळतं.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा: उजेड असेपर्यंत पॅनलकडची वायर जिवंतच असते, मेन स्विच पाडला तरी. चालू लोडवर कनेक्टर ओढायचा नाही, डीसीचा आर्क एसीसारखा विझत नाही. सासऱ्यांना सांगा ओल्या पत्र्यावर चढायचं नाही, स्लिपर घालून तर अजिबातच नाही.

खारघरचा निवांत:
+१ काका. वॉरंटीबद्दल, बहुतेक पॅनल कंपन्या फॅक्टरीचा कनेक्टर कापला की हात वर करतात. पण कापायची गरजच नाहीये. पॅनल ते पॅनल जोड एकाच कंपनीचे असतात, भेसळ फक्त स्ट्रिंगच्या दोन टोकांना आणि खाली इन्व्हर्टरजवळ होते. केबलच्या टोकाचे बिननावाचे कापा आणि पॅनलवर जे नाव आहे त्याच कंपनीचे लावा, लोहार चाळीत मिळतात पण डुप्लिकेट पण तिथेच मिळतात, तर बिल घ्या. आणि क्रिंपिंग टूलने (वायरवर पिन दाबून बसवायचं खास अवजार) लावून घ्या, पक्कडने दाबलेली पिन दिसायला बसलेली दिसते, आत दोन तारांवर लटकत असते. जोडायच्या आधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, मीटरवर बघायला सांगा.

ऐरोलीची सून:
अपडेट!! दिघ्याचे एक दादा आले आज सकाळी साडेआठला, पाऊस चालूच होता. रीडिंग: प्लस ते मायनस २८२, प्लस ते अर्थ १८८, मायनस ते अर्थ उणे ९४. हलत नाहीयेत. काका याचा अर्थ काय?

डीसी काका:
वा, पुस्तकात छापावं असं आलंय. २८२ भागिले ६, एक पॅनल ४७ व्होल्ट. ९४ म्हणजे दोन पॅनल, १८८ म्हणजे चार. मायनसच्या टोकाकडून मोजा, दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलच्या मधल्या जोडात गळती आहे. बाकी कशाला हात लावू नका, पाऊस थांबला की तिथेच बघा.

ऐरोलीची सून:
काका पाया पडते तुमच्या. दुपारी उघडलं तेव्हा दादा चढले. पॅनल आडवी लावलीत ना, तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पॅनलची वायर पुरली नव्हती, तिथे बसवणाऱ्याने हातभर तुकडा जोडलाय, तो पण सोलरचा नाही, घरात बटणाला टाकतो ती लाल पीव्हीसी वायर! एका टोकाला बिननावाचा कनेक्टर पक्कडने दाबलेला आणि त्याचं नट सैल, आतून हिरवट पाणी निघालं. मधे कुठेतरी सोललेली म्हणून काळी टेप, ती उन्हात सुटून पत्र्याच्या धारेला चिकटली होती. वरून दिसतच नव्हतं, पॅनलच्या खाली. सासऱ्यांच्या फोटोत पण नाही.

(पन्हळीतले दोघे बिचारे कोरडेच निघाले, उगाच बदनाम केले मी.)

दादांनी ४ एमएमच्या सोलर केबलचा नवीन जंपर केला, दोन्हीकडे पॅनलच्याच कंपनीचे कनेक्टर, टूलने क्रिंप, पन्हळीतले पण उचलून स्टीलच्या टायने रेलला बांधले. सगळं मिळून १४०० घेतले. बघू उद्या.

ऐरोलीची सून:
आज सकाळी धो धो पाऊस आणि ६:५२ ला हिरवा लाइट. सासरे साडेसहापासून जिन्यात खुर्ची टाकून बसले होते.

आता टोकांचे ते बिननावाचे राहिलेत, वरचे दोन आणि इन्व्हर्टरकडचे दोन. वरच्यासाठी पॅनलच्या कंपनीचे आणले, इन्व्हर्टरला कुठले?

खारघरचा निवांत:
इन्व्हर्टरच्या सॉकेटच्या कंपनीचे. बहुतेक वेळा खोक्यातच एक जोडी येते. खोकं टाकलं नसेल तर बघा.

ऐरोलीची सून:
माळ्यावर होतं. पाकीट फोडलेलंच नाहीये.