मदत हवी आहे: हिपॅटायटिस-बीचे तीन डोस घेऊनही टायटर ३.८. वजनामुळे असेल का?

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या एका लॅबमध्ये मी रक्त घेण्याचं काम करते. वय ३६, उंची पाच फूट एक इंच, वजन ९४ किलो. शुगर, थायरॉईड नॉर्मल. कामावर लागल्यावर हिपॅटायटिस-बीची लस घेतली. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. एकही तारीख चुकवली नाही. तिसरा तर ऐन चवथीच्या धावपळीत, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला जायच्या आधी घेतला. दीड महिन्याने रक्तातल्या अँटीबॉडींचं प्रमाण, म्हणजे टायटर, तपासलं. किमान १० हव्यात, माझ्या निघाल्या ३.८. रिपोर्टचा कागद मीच काढला आणि वरचं नाव दोनदा वाचलं, दुसऱ्या कुणाचा तर नाही ना म्हणून.

तिथल्या एका सीनियरने सगळ्यांसमोर सांगितलं, "जाड्या माणसांना लस लागूच पडत नाही." फार लागलं ते मनाला. रोज पंचवीस-तीस जणांच्या शिरेत सुई घालते मी. चुकून एखादी बोटात गेली तर? घरी मुलगी सात वर्षांची आहे. आणि आई, तीही वजनदारच, हे ऐकून फ्लूची लस नको म्हणून बसलीय.

थोडं वाचलं. वाढलेल्या चरबीमुळे शरीरात सतत मंद दाह राहतो, लेप्टिन या चरबीतून निघणाऱ्या हार्मोनचं प्रमाण वाढलेलं असतं, आणि त्यामुळे रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी लसीला नीट साथ देत नाहीत असं समजलं. २०१२ च्या एका अभ्यासात लठ्ठ लोकांमध्ये फ्लूच्या लसीनंतर महिन्याभरात अँटीबॉडी चांगल्या वाढल्या होत्या, पण वर्षभरात त्या इतरांपेक्षा जास्त उतरल्या. पण माझ्या तर वाढल्याच नाहीत, हे मला कळत नाही.

आणखी एक, कामाचं असेल तर बघा. पहिले दोन डोस दंडात दिले. तिसऱ्या वेळी वेगळी सिस्टर होती. तिने दंड चाचपला आणि म्हणाली, "इथे चरबी आहे, कमरेत देते." सुई तीच, निळ्या बुडाची, एक इंची. तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

आता पुन्हा तीन डोस घ्यायचे का? की आधी वजन उतरवायचं? आईला काय सांगू?

प्रतिसाद

ताई, मी बावीस वर्षं लसीकरणात काढली आहेत. तुमचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा आहे. ही लस स्नायूत जायला हवी. कमरेत, तेही एक इंची सुईने, ती चरबीतच राहते आणि तिथे तिचं काम नीट होत नाही. १९८५ सालीच लठ्ठ लोकांमध्ये या लसीचा प्रतिसाद कमी मिळतो असं प्रसिद्ध झालं होतं, आणि त्या काळात ती कमरेत देत असत. म्हणून तर दंड ठरला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या नियमांप्रमाणे कमरेतला डोस धरतच नाहीत, पुन्हा द्यायचा. आणि ९० किलोच्या वरच्या बाईला दंडात दीड इंची सुई लागते.

म्हणजे वजनाचा वाटा असेलही, पण सगळं खापर अंगावर घेऊ नका. डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. एक डोस दंडात, लांब सुईने घ्या आणि एक-दोन महिन्यांनी टायटर बघा. तरी १० च्या खाली राहिला तर उरलेले दोन घेऊन दुसरा कोर्स पुरा करा. वजन उतरायची वाट बघू नका. तोवर सुई टोचलीच तर त्याच दिवशी कळवा. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन, २४ तासांच्या आत मिळालेलं बरं.

आईंना लस द्याच. २०२३ साली केंब्रिज आणि एडिनबरोच्या संशोधकांनी कोविड लसीबद्दल दाखवलं की दुसऱ्या डोसनंतर सहा महिन्यांनी विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी मोजण्याइतक्या उरल्या नव्हत्या असे लोक अतिलठ्ठांत ५५ टक्के होते, नेहमीच्या वजनाच्यांत १२ टक्के. पण बूस्टरनंतर त्या परत वर आल्या. संरक्षण लवकर ओसरतं, म्हणून दरवर्षीची फ्लूची लस चुकवायची नाही.

धागालेखिका

मनापासून आभार. रात्रभर मी स्वतःच्याच अंगाला दोष देत होते. सोमवारी बांबोळीला गोमेकोत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाते, लसीचं कार्ड बरोबर नेते, आणि सुई दीड इंची आहे का ते आधी विचारते. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "तू जाशील तेव्हा मीही येते" म्हणाली.