क्रोमॅन्टिकोरचं पोस्टर: उपरोध की नुसता आचरटपणा?

तिरपांगडा
सायबरपंक २०७७ हा व्हिडिओ गेम परत लावलाय आणि दुसऱ्याच दिवशी परत त्या पोस्टरपाशी अडकलो. खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाइट सिटी नावाचं काल्पनिक शहर, कंपन्यांनी गिळलेलं, मान वळवाल तिकडे जाहिरात. त्यातली एक क्रोमॅन्टिकोर नावाच्या कोल्ड्रिंकची. पोस्टरवर एक मॉडेल आहे, चेहरा नि बांधा बाईचा, अंगाला घट्ट बसलेला पोशाख, आणि त्यातून उठून दिसणारं लिंग, तेही असं फुगवून काढलंय की नजर दुसरीकडे जाऊच नये. सोबत 'मिक्स इट अप' आणि सोळा फ्लेवर मिसळण्याची भाषा. फ्लेवर मिक्स, माणूसही मिक्स. झाला जोक.

गेम आला १० डिसेंबर २०२० ला, पण भांडण त्याच्या दीड वर्ष आधीचं. जून २०१९ मध्ये रे ट्रेसिंगची (गेममधला उजेड नि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवणाऱ्या तंत्राची) करामत दाखवायला एक स्क्रीनशॉट सोडला होता, त्यात हे पोस्टर लोकांना दिसलं आणि ट्रान्स लोकांची चेष्टा केलीय म्हणून जो गदारोळ उठला तो अजून अधूनमधून उठतोच. ते काढणाऱ्या आर्ट डायरेक्टर कासिया रेदेशुक यांनी पॉलिगॉन या गेमिंगवरच्या वेबसाइटला मुलाखतीत सांगितलं की ही व्यक्ती मला स्वतःला आकर्षक वाटते, पण कंपनी तिचं सुंदर शरीर माल विकायला वापरते, तिची वस्तू करून टाकते, आणि तेच भयंकर आहे, तेच आम्हाला दाखवायचंय.

आता माझं म्हणणं. हे स्पष्टीकरण चांगलंय, मला पटतंही, फक्त ते मुलाखतीत आहे, गेममध्ये नाही. मी त्या शहरात शंभरावर तास काढलेत. पोस्टरकडे बघून कुणी हसलं, चिडलं, लाजलं, त्यावर काही खरडलं, ती मॉडेल कोण तिला किती पैसे मिळाले याबद्दल कुणी अवाक्षर काढलं, असं मला तरी कुठे भेटलं नाही. टीका करायची तर टीका करणारं कुणीतरी चित्रात लागतं ना? नाहीतर उरतं काय, तर जाहिरात. आपणही तिच्यासमोर तेच करतो जे शहरातले लोक करतात, म्हणजे बघून फिस्सकन हसतो आणि पुढे जातो.

रात्रपाळी
नाही पटलं. तुम्हाला उपरोध समजायला खाली सबटायटल पाहिजे का? अख्खं शहरच उपरोध आहे हो. शेजारच्या भिंतीवर बघा, मिस्टर स्टडची जाहिरात असते, पुरुषांना तिकडचा पार्ट बदलून घ्यायला सांगणारी, आणि तो पार्ट बिघडून आग लागल्यासारखा बोंबलत असलेला माणूस रस्त्यात भेटतो, त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे न्यायचं मिशनच आहे. बायका, पुरुष, अन्न, बंदुका, सगळ्यांचा तिथे तोच बाजार मांडलाय. सगळ्यांना ओरबाडतायत आणि फक्त ट्रान्स लोकांना वगळलं असतं तर तुम्हीच धागा काढला असता की बघा यांना ट्रान्स माणसं दिसतच नाहीत.

तिरपांगडा
पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! मिस्टर स्टडच्या जाहिरातीला तो बोंबलणारा माणूस आहे. वचन काय दिलं आणि हातात काय पडलं ते गेमने दाखवलं, आपण हसलो ते कंपनीला हसलो. क्रोमॅन्टिकोरच्या पोस्टरला असा माणूस कुठाय? तिथे हसायचं कुणाला?

ढोबळी मिरची
गेम आहे. खेळा आणि सोडून द्या. पोस्टर मागे असतं आणि समोरून गोळ्या येत असतात, कुणाला वेळ आहे भिंती वाचायला.

रात्रपाळी
मिरची, असं नको ना. भिंती वाचायलाच तर तो गेम आहे, गोळीबार काय कुठेही मिळतो.

पाटीरंगारी
मी जाहिरातीच्या धंद्यात डिझाइनर आहे, बारा वर्षं हेच करतोय, म्हणून जरा वेगळी तक्रार. माझी अडचण पोस्टर अश्लील आहे ही नाहीच. ते जाहिरात म्हणून खोटं वाटतं ही आहे.

खऱ्या कंपन्या हे कसं करतात बघा ना. जून, म्हणजे प्राइडचा महिना, आला की लोगो सप्तरंगी. फोटोत हसरा ट्रान्स चेहरा, मऊ उजेड, खाली एक हळवी ओळ, सगळं इतकं सभ्य की कुणाला बोट ठेवायला जागा नाही. आतमध्ये त्याच कंपनीत त्याच माणसाला कसं वागवतात ते त्या फोटोत कधीच येत नाही. खरं ओरबाडणं हे असं दिसतं, गोड. मला त्या शहरात असं एखादं पोस्टर दिसलं असतं, एकदम देखणं, आदराने ओथंबलेलं, आणि विकतंय काय तर कसलंतरी विषारी पेय, तर अंगावर काटा आला असता. आणि हे जे आहे ते मार्केटिंगच्या मीटिंगमधून आल्यासारखं दिसत नाही, शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर पोरं काढतात तसं दिसतं. फक्त रंगकाम फारच भारी आहे, ते मानतो, उजेड काय पकडलाय.

रात्रपाळी
हा मुद्दा चांगला आहे रंगारी, पण तुम्ही आजच्या जाहिराती डोळ्यासमोर ठेवून बोलताय. २०७७ मध्ये कंपन्यांना सभ्य दिसायची गरजच उरलेली नाही, सरकार नि कायदा फक्त नावाला, मग मऊ उजेड कुणासाठी लावतील? आणि दुसरं, त्या जगात शरीर ही बदलायचीच गोष्ट आहे. हात बदल, डोळे बदल, मणक्यात चिप घाल. तिथे बाईला लिंग असणं ही दचकायची बातमीच नाही, त्यामुळे ते पोस्टर चेष्टा करत नाहीये, ते फक्त सेक्सी मॉडेल दाखवतंय. दचकतोय तो २०१९ चा प्रेक्षक. मला तर वाटतं तेच त्या चित्राचं यश आहे, आरसा आपल्याकडे वळवलाय.

पाटीरंगारी
कुणी दचकत नसेल तर मग एवढं फुगवून कशाला काढलं? नेहमीची गोष्ट असती तर नेहमीसारखी काढली असती. 'मिक्स इट अप' ही कोटी चालतेच मुळी बघणाऱ्याला ते विचित्र वाटलं तर. एकतर त्या शहराला काही वाटत नाही, किंवा कोटी आहे. दोन्ही एकदम कसं?

रात्रपाळी
हम्म. यावर विचार करतो.

खडीसाखर
मी ट्रान्स बाई आहे आणि हा गेम मी दोनदा पूर्ण केलाय, त्यामुळे 'ट्रान्स लोकांना काय वाटतं' असं कुणी विचारायच्या आधीच सांगते की मला सगळ्यांचं माहीत नाही, माझं सांगते. माझ्या एका मैत्रिणीला ते पोस्टर जाम आवडतं, ती म्हणते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखं शरीर एवढ्या मोठ्या भिंतीवर बघितलं आणि ते सुंदर काढलंय, लोकांना हसायचं तर हसू देत. मला स्वतःला नाही आवडत. पण पोस्टरने मला जेवढा त्रास दिला त्याच्या दहापट आवाजाच्या बटणाने दिला, त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

सुरुवातीला आपलं पात्र, व्ही, बनवायचं असतं. तिथे लिंग योनी काहीही निवडा, काहीच नको असेल तर तेही आहे, शरीराचा बांधा वेगळा निवडा, आवाज वेगळा निवडा. ऐकायला एकदम भारी. मी पाऊण तास बसून चेहरा केला, कपाळ, हनुवटी, सगळं, मग आवाज निवडताना दोन्ही ऐकले आणि जाड आवाज घेतला कारण तो माझ्या आवाजाच्या जवळ होता. झालं. त्यानंतर गेम मला पुरुष म्हणून हाक मारायला लागला. सर्वनाम आवाजाला बांधलंय, बाकी काही करा. आता इंग्रजीत निदान समोर बोलताना ते लपतं, मराठीत असता तर प्रत्येक क्रियापद टोचलं असतं, 'आलास का', 'कुठे होतास', दर वाक्याला. मी पहिल्या मिशनआधीच बंद केला आणि परत जाऊन पातळ आवाज घेतला. माझ्यासारख्या बाईचं शरीर भिंतीवर चालतं, तिचा आवाज मात्र चालत नाही.

गेममधल्या जूडी या बाईशी प्रेमप्रकरण जमवायचं तर बाईचा बांधा आणि बाईचा आवाज दोन्ही लागतं, केरी या पुरुषाशी जमवायचं तर दोन्ही पुरुषाचे. मांड्यांमध्ये काय निवडलं त्याने कुणालाच काही फरक पडत नाही. मग ते निवडायला दिलं कशाला? बातम्या व्हाव्यात म्हणून, दुसरं काय.

ढोबळी मिरची
बातम्या झाल्याच की, रिलीजच्या आठवड्यात ते कपड्यांतून बाहेर डोकावत होतं बग म्हणून 😂 माझा व्ही बाइकवर बसला तेव्हा पँट घालूनही उघडाच होता.

खडीसाखर
हो तो बग मलाही आला होता, त्या दिवशी मात्र खूप हसले.

रात्रपाळी
खडीसाखर, आवाजाचं १०० टक्के मान्य, तो शुद्ध आळशीपणा आहे. पण मग क्लेअरचं काय? आफ्टरलाइफ बारमधली बारटेंडर, रेसिंगवाली. ट्रान्स बाई आहे, तिच्या ट्रकवर ट्रान्स झेंडा आहे, आवाजही ट्रान्स कलाकार मॅडी टेलर यांचाच आहे. आणि तिची गोष्ट ट्रान्स असण्याची नाहीच, नवरा रेसमध्ये गेला त्याच्या सुडाची आहे. मला वाटतं गेमने ज्यांना माणूस म्हणून दाखवायचं तिथे नीट दाखवलंय, पोस्टर हे कंपनीचं तोंड आहे. दोन्ही शेजारी ठेवा म्हणजे टीका आपोआप दिसते.

खडीसाखर
क्लेअर आवडतेच. तिला शेजारच्या सीटवर बसवून मी रेसमध्ये गाडी चालवलीय, खिडकीतून गोळ्या ती झाडते, ती रागावलेली असते, चुकते, खोटं बोलते, माणूस आहे ती. पण हिशोब बघा ना. ती एकटी, आणि पोस्टर गल्लोगल्ली. तिच्या रेसचं काम घेतलंच नाही तर ती नुसती ड्रिंक ओतणारी बाई आहे, काही कळत नाही. पोस्टर मात्र टाळता येत नाही. शेजारी ठेवा म्हणता, पण ते शेजारी आहेत कुठे? क्लेअरला त्या पोस्टरखालून एकदा चालवलं असतं आणि एक वाक्य दिलं असतं ना, शिवी दिली असती तरी, किंवा उलट म्हणाली असती की ही पोरगी माझ्या ओळखीची आहे, तर हा धागाच निघाला नसता.

तिरपांगडा
हेच मला चार परिच्छेदांत सांगता आलं नव्हतं.

जुनाट कन्सोल
एक गोष्ट सगळे विसरतायत. लोकांनी पोस्टर कोऱ्या मनाने बघितलं नव्हतं. ऑगस्ट २०१८ मध्ये गेमच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून एका चाहत्याला 'तू त्यांचं जेंडर गृहीत धरलंस का' असा ट्रान्स लोकांची टर उडवणारा घिसापिटा विनोद टाकला होता, मग डिलीट, मग माफी. दोनच महिन्यांनी गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट ग्रुपच्याच तेव्हाच्या जीओजी या ऑनलाइन गेमदुकानाने 'वोन्ट बी इरेज्ड' (पुसले जाणार नाही) हा ट्रान्स लोकांच्या आंदोलनाचा हॅशटॅग उचलून जुने गेम विकायला वापरला, परत डिलीट, परत माफी. म्हणजे बघा, कंपनी ट्रान्स लोकांना माल विकायला कशी वापरते हे दाखवणारं पोस्टर अशा घरातून आलं जिथे आठ महिन्यांपूर्वी नेमकं तेच केलं होतं. उपरोध करायला काहीतरी पत लागते.

रात्रपाळी
ट्विटर सांभाळणारा वेगळा, चित्र काढणारी वेगळी. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी कशाला? गेम बनवणाऱ्या वॉर्सातल्या एवढ्या मोठ्या स्टुडिओत शेकडो लोक आहेत.

जुनाट कन्सोल
मारत नाहीये माथी. लोकांना संशय का आला एवढंच सांगतोय. आणि जाता जाता, 'एकदा छापलं की बदलता येत नाही' असं कुणी म्हणेल म्हणून सांगतो, जीटीए ५ या दुसऱ्या कंपनीच्या गेमची मार्च २०२२ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा क्लबबाहेर फक्त हसण्यासाठी उभी केलेली ट्रान्स पात्रं गायब होती, आणि एका खेळण्याच्या खोक्यावरची जननेंद्रियं अदलाबदल करायची ओळही काढली होती. जगबुडी झाली नाही. बऱ्याच जणांच्या तर लक्षातही आलं नाही.

रात्रपाळी
आणि मला ते आवडलं नव्हतं. गुपचूप पुसून टाकणं म्हणजे आम्ही असं कधी केलंच नव्हतं असं दाखवणं. क्रोमॅन्टिकोरचं पोस्टर काढू नये असं माझं अजूनही म्हणणं आहे.

खडीसाखर
काढा असं मी कुठे म्हटलं? इथे कुणीच म्हटलं नाहीये, वर जाऊन बघा. मला आणखी पाहिजे, कमी नकोय. त्या मॉडेलला घर द्या, एखादं मिशन द्या, पैसे बुडवले म्हणून ती एजन्सीच्या मागे लागलीय आणि व्हीला मदतीला बोलावते, असलं काहीही चाललं असतं.

पाटीरंगारी
आणि शेवटी ती स्वतःच्याच पोस्टरवर काळा रंग फासते. घ्या, फुकट आयडिया.

खडीसाखर
नाही हो, फासत नाही. पोस्टर तिला आवडतं, तो फोटो तिचा सगळ्यात चांगला फोटो आहे. तिला फक्त पैसे पाहिजेत.

रात्रपाळी
हे मिशन मी खेळेन. बाकी रंगारींच्या त्या 'दोन्ही एकदम कसं' ला उत्तर सापडलं नाही, काल रात्री गेम लावून मुद्दाम त्या पोस्टरसमोर उभा राहिलो. पाऊस होता. छत्र्या घेऊन लोक जात होते, एकानेही मान वर केली नाही. मी हे 'बघा शहराला काही वाटत नाही' याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढणार होतो, पण तिरपांगडा म्हणतात तेच दिसायला लागलं, म्हणून नाही काढला.

ढोबळी मिरची
मग कॅन तरी प्यायलात का?

रात्रपाळी
प्यायलो. चव कळत नाही त्या गेममध्ये.