मदत हवी आहे: १७९३ च्या पीतज्वर-नोंदींत पाऱ्याची लक्षणं कशी ओळखायची?

फिलाडेल्फियातल्या साथीच्या नोंदी तपासतोय. पीतज्वराचा क्रम ठरलेला: थंडी वाजून ताप, कंबरदुखी, लाल डोळे, तीन-चार दिवसांनी उतार. तो फसवा निघाला की कावीळ, कॉफीच्या चोथ्यासारखी काळी उलटी, लघवी बंद.

घोळ हिरड्यांपाशी होतो. तिथले डॉक्टर बेंजामिन रश १० ग्रेन (सुमारे ६५० मिलिग्रॅम) कॅलोमेल (पाऱ्याचं संयुग) आणि १५ ग्रेन जलाप (रेचक मुळी) असा जबर जुलाब देत, वर रक्तही काढत. हिरड्यांतून रक्त पीतज्वरातही येतं, पाऱ्यानेही. लाळ गळणं आणि तोंडाला दुर्गंधी असेल तर मी पारा धरतो. ताप चढता असून नाडी मंदावते, ही फॅजेची खूण इथे निरुपयोगी. थर्मामीटरचे आकडेच नाहीत.

डोसची वेळ लिहिलेली नसेल तर काय बघावं? कॅलोमेलनंतर लाळ सुटायला साधारण किती दिवस लागतात? विषशास्त्रवाल्यांनी कृपया सांगावं.