टेरेसवरचा निळा ड्रम (सोसायटी ग्रुप, शामरावनगर, सांगली)

शोभाकाकू बी ३०४: बोलायचं नव्हतं पण आता हद्द झाली. तीन दिवस गहू भिजवून चीक काढला, पहाटे उठून कुरडया घातल्या टेरेसवर, आणि शेजारी तो निळा ड्रम. नाकाला पदर लावून कुरडया घालायच्या का आम्ही? ज्यांचा आहे त्यांना माहितीय. [फोटो]

रोहित बी १०२: काकू वास खाली पहिल्या मजल्यापर्यंत आलाय, मला वाटलं परत ड्रेनेज तुंबलं

देसाईकाका ए १०१: ड्रेनेजचा विषय निघालाच आहे तर माझ्या पार्किंगसमोरच्या चेंबरचं काय झालं? झाकण फुटून चार महिने झाले.

माने खजिनदार: सर्व सभासदांना नम्र विनंती. टेरेसचे वॉटरप्रूफिंग मागच्या वर्षीच केलेले आहे. टेरेसवर वजन, माती, पाणी ठेवू नये.

पवार सर ए ४०१: शोभाताई नमस्कार. ड्रम माझा आहे, लपवण्यासारखं काही नाही. त्यात झाडांना घालायचं जीवामृत आहे, विष नाही. पन्नास लिटर पाण्याला अडीच किलो शेण, अडीच लिटर गोमूत्र, अर्धा किलो गूळ, अर्धा किलो बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. ४८ तास सावलीत ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. ढवळलं की वास येत नाही, ताकासारखा आंबूस येतो फक्त. यावेळी माझी ढवळायची काठीच सापडेना, बांबूची आहे, वरच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. कुणी पाहिली असेल तर सांगा. दोन दिवस पीव्हीसी पाइपनं ढवळतोय पण तळाचं शेण काय हलत नाही, हवा लागली नाही की कुजकट वास मारणारच.

शोभाकाकू बी ३०४: म्हणजे शेण आणि मूत. कुरडयांच्या शेजारी. वा.

रोहित बी १०२: बेसन पण आहे काकू, भजी समजा

शोभाकाकू बी ३०४: रोहित मोठ्यांच्यात बोलू नये.

सुनीतावहिनी ए २०३: वासाचं काकूंचं बरोबर आहे, पण सरांच्या वाफ्यातली मेथी नि कढीपत्ता आपण सगळ्यांनी फुकट खाल्लाय हे पण लक्षात ठेवा की. लॉकडाऊनमध्ये भाजी कुणी दिली होती?

माने खजिनदार: मेथीचा प्रश्न नाही. टेरेसचे वॉटरप्रूफिंग मागच्या वर्षीच केलेले आहे. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. स्लॅबला काय झाले तर जबाबदार कोण?

पवार सर ए ४०१: मानेसाहेब, वाफ्यात माती पाचवा हिस्सा पण नाही. खाली उसाचं पाचट, मग वाळका पाला, मग स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर दोन बोटं माती. तुमच्या घरचा कचरा पण त्यातच जातो, घंटागाडीत नाही. कुजून वर्षात निम्म्यावर बसतं. आपल्या शेजारच्या तासगावच्या द्राक्षवाल्यांना कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी शेतकऱ्यांच्या प्रयोग परिवारात हेच शिकवलं, की पाला जाळू नका, जमिनीला द्या. मी काय नवीन शोधून काढलेलं नाही. आणि वाफे विटांवर आहेत, स्लॅबवर टेकलेले नाहीत.

देसाईकाका ए १०१: पण सर २०१९ च्या महापुरात पार्किंगमध्ये गाळ आला तो तुम्ही दहा पोती भरून वर नेलात ते मला आठवतंय. आम्ही पैसे देऊन उपसत होतो आणि तुम्ही पोती मागत होता.

पवार सर ए ४०१: हो नेला. कृष्णेचा पोयटा आहे तो. नदीकाठच्या मळीच्या रानातली वांगी तुम्ही मिटक्या मारत खाता ती कशात येतात?

सुनीतावहिनी ए २०३: सर इथे मात्र मी तुमच्या बाजूनं नाही. तो मळीतला पोयटा नव्हता. आयर्विन पुलाला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं तेव्हा, सगळ्या गावाचं ड्रेनेज, गॅरेजचं ऑइल त्यात मिसळून आपल्या दारात आलं. फुलझाडांना ठीक आहे, पालेभाजीला तो गाळ नको. मी तेव्हाही बोलले होते.

पवार सर ए ४०१: तुमचं ऐकूनच तो जास्वंदी आणि मोगऱ्याला घातला वहिनी. मेथीला नाही.

देसाईकाका ए १०१: बरं. आणि चेंबर?

चौगुले सेक्रेटरी: चेंबरचं काम कोटेशनमध्ये आहे. कृपया एका वेळी एकच विषय घ्यावा.

शोभाकाकू बी ३०४: विषय एकच आहे, ड्रम. आणि मी मागच्या वर्षी फक्त दोन तुळशी ठेवल्या वर तर "जागा अडते" म्हणून मला मेसेज आला होता. कुणाचा ते सांगत नाही. सरांना मात्र अख्खी पूर्वेची बाजू.

माने खजिनदार: तो मेसेज सर्वांसाठी होता.

शोभाकाकू बी ३०४: सर्वांसाठी होता मग मलाच पर्सनलवर कसा आला?

पवार सर ए ४०१: ताई तुमच्या तुळशी जागेमुळं गेल्या नाहीत. तुम्ही कुंडीत नुसती काळी माती भरली होती. आपली काळी माती रानात सोनं आहे पण कुंडीत पाणी घातलं की फुगते, खालची भोकं बंद, आणि उन्हात वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. त्यात निम्मं कंपोस्ट आणि थोडी जाडसर वाळू घालायला मी तेव्हाच सांगितलं होतं.

शोभाकाकू बी ३०४: तेव्हा तुम्ही सांगितलं नव्हतं, तेव्हा तुम्ही हसला होता.

रोहित बी १०२: पॉपकॉर्न घेऊन बसलोय

सुनीतावहिनी ए २०३: रोहित तू बसूच नको, कंपोस्टच्या पिंपात पिझ्झाचा बॉक्स प्लास्टिकच्या पिशवीसकट कुणी टाकला होता?

रोहित बी १०२: वहिनी पुठ्ठा चालतो म्हणून सरच म्हणाले होते

पवार सर ए ४०१: पुठ्ठा चालतो, फाडून. पिशवी नाही. आणि एक भांडं ओला कचरा टाकला की दोन भांडी वाळका पाला वर टाकायचा हे पिंपावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, कुणी वाचत नाही. मग चिकचिक होते, वास सुटतो, पांढऱ्या अळ्या झाल्या म्हणून ग्रुपवर फोटो येतात. त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट कचरा खाऊन संपवतात. पण पालाच नाही टाकायला. वॉचमननं परवा परत बदामाचा सगळा पाला पेटवला.

चौगुले सेक्रेटरी: मी त्याला सांगितलं नव्हतं.

देसाईकाका ए १०१: मी सांगितलं. पालीविंचू होतात त्या ढिगात. माझी नात तिथं खेळते.

सुनीतावहिनी ए २०३: काका उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार दंड, हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे. आणि त्या धुरानं आमच्या सासूबाईंना रात्रभर खोकला. ढीग नको तर पोत्यात भरून वर पाठवा ना.

देसाईकाका ए १०१: कोण भरणार? तुम्ही?

सुनीतावहिनी ए २०३: हो मी भरीन. रविवारी. तुम्ही पोतं धरा.

माने खजिनदार: टेरेसचे वॉटरप्रूफिंग मागच्या वर्षीच केलेले आहे. पोतीसुद्धा वजनच.

पवार सर ए ४०१: मानेसाहेब, जानेवारीत आपण कुणाला न विचारता फवारणीवाला आणलात डासांसाठी, त्यानं टेरेसपण धुवून काढला औषधानं. त्यानंतर दीड महिना वर एक मधमाशी दिसली नाही. लाल भोपळ्याला मादी फुलं यायची आणि बोटाएवढा भोपळा पिवळा पडून गळायचा. रोज सकाळी सातच्या आत मी नर फूल तोडून घेऊन एकेका मादी फुलाला लावत फिरत होतो. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण मात्र मेला नाही, वाढला, कारण त्याला खाणारे किडेच मेले.

रोहित बी १०२: सर सकाळी सातला भोपळ्यांची लग्नं लावत होता होय, मला वाटलं योगा

पवार सर ए ४०१: अकरा लागली. एक भोपळा तुझ्या आईनं नेलाय.

शोभाकाकू बी ३०४: भोपळे राहू देत. ड्रम आज हलणार की नाही? नाहीतर मी चेअरमनना लेखी देते.

रोहित बी १०२: एक मिनिट

रोहित बी १०२: काकू तुम्ही सकाळी टाकलेला फोटो झूम करून बघा. कुरडयांवर कावळ्यांसाठी जाळी ताणलीय ती मधे कशावर उभीय?

सुनीतावहिनी ए २०३: अगं बाई

रोहित बी १०२: बांबू. वर लाल चिंधी

देसाईकाका ए १०१: चष्मा लावून बघितलं. हाय खरं.

शोभाकाकू बी ३०४: हा मेसेज डिलीट केला आहे

शोभाकाकू बी ३०४: परवा जागा झाडायला वर गेले तेव्हा तिथं पडली होती. कुणाचं नाव नव्हतं तिच्यावर. आणि मी धुऊन घेतली होती.

पवार सर ए ४०१: कुठलं टोक?

रोहित बी १०२: काकू यंदा आमच्याकडं कुरडया नाही पाठवल्या तरी चालतंय

शोभाकाकू बी ३०४: तुला पाठवणार कोण होतं.

पवार सर ए ४०१: ताई, चिंधीचं टोक हातात धरायचं असतं, ते ड्रममध्ये जात नाही. फोटोत चिंधी वर आहे म्हणजे ड्रममधलं टोक खाली जमिनीवर. कुरडयांना काही झालेलं नाही. जाळी राहू दे, ऊन उतरल्यावर मी दुसरा बांबू घेऊन येतो मग ती काढा. आणि ड्रम टाकीच्या मागं सरकवतो. एकट्याला हलणार नाही, कुणीतरी या.

रोहित बी १०२: येतो सर. मास्क घालून

माने खजिनदार: टाकीच्या मागेही वॉटरप्रूफिंग मागच्या वर्षीच

शोभाकाकू बी ३०४: माने भाऊजी पुरे.

शोभाकाकू बी ३०४: सर साडेपाचला या. आणि येताना कढीपत्ता आणा दोन काड्या, असेल तर.

देसाईकाका ए १०१: चेंबरचं कोटेशन किती दिवसात येतंय सेक्रेटरी?