सीएसआरला वर्गात काय म्हणावं? दायित्व, जबाबदारी की बांधिलकी?

प्रश्न: बी.कॉम.च्या मराठी माध्यमाच्या मुलांना व्यवसाय नीतिशास्त्र शिकवते. सीएसआरला, म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटीला, कुठे 'सामाजिक दायित्व' म्हणतात, कुठे 'सामाजिक जबाबदारी', तर बातम्यांत 'सामाजिक बांधिलकी'. अर्थ विचारला की मुलं सांगतात, "कंपनी झाडं लावते, शाळेला बाकं देते." नेमका कोणता शब्द धरू?

प्रतिसाद १: ताई, 'बांधिलकी' नकोच. ती ज्याची त्याने आपणहून मानायची. इथे तर कायदा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. देणं लागतो, म्हणून 'दायित्व'.

प्रतिसाद २: सर, कलमापुरतं पटतं, पण शिकवताना हाच शब्द घात करतो. वाणिज्यच्या मुलाच्या कानाला दायित्व म्हणजे देणं, आणि देणं फेडलं की खातं बंद. दोन टक्के दिले, सुटलो! उरलेले अठ्ठ्याण्णव कसे कमावले, हे मग कोणी विचारत नाही.

सत्यम या संगणक कंपनीचं उदाहरण घ्या. तिचे संस्थापक रामलिंग राजू यांनी २००५ मध्ये हैदराबादेत आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा उभी केली. १०८ क्रमांकाची तीच सेवा पुढे कितीतरी राज्यांत पोचली, तिने खरोखर जीव वाचवले. आणि ७ जानेवारी २००९ ला त्याच राजूंनी संचालक मंडळाला कळवलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक मुळात नाहीच. मुलांना विचारा, ही कंपनी जबाबदार होती का? वर्गात दोन तट पडतील, पडू द्या. 'जबाबदार' म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. भागधारकाला, कामगाराला, कारखान्याशेजारच्या गावाला. रुग्णवाहिका चालवली म्हणून खोट्या ताळेबंदाचा जबाब माफ होत नाही. माझं मत 'जबाबदारी'लाच.

प्रतिसाद १: पण 'भागधारकांची जबाबदारी मर्यादित असते' हेही मुलं शिकतातच की! तिथे तो शब्द देण्याच्याच अर्थाने येतो.

प्रतिसाद २: बरोबर, म्हणून आधी 'सामाजिक' हवंच, नुसती 'जबाबदारी' चालणार नाही. 'उत्तरदायित्व'ही अर्थाने चोख आहे, उत्तर देणंच ते; पण मुलं पाठ करतात आणि विसरतात.

प्रश्नकर्ती: मग संकल्पनेला 'सामाजिक जबाबदारी', आणि कलम १३५ च्या दोन टक्क्यांना सरळ 'सीएसआर खर्च'. गणित वेगळं, विचार वेगळा. आणखी एक, 'नीतिमत्ता' की 'नीतीमत्ता'? फळ्यावर दरवेळी अडखळते.

प्रतिसाद १: ति ऱ्हस्व. बुद्धिमान–बुद्धिमत्ता, तसं नीतिमान–नीतिमत्ता. सुटा शब्द मात्र 'नीती', दीर्घ.